शेकोटी पाठीशी आहे

माझ्या वडिलांना कुणाच्याही घरी गेलं की आधी भिंत वाजवून बघायची सवय होती. चहा नंतर. मधल्या बोटाचं पेर वाकवून ते भिंतीवर दोनदा टकटक करायचे, कान जरा तिरका धरायचे आणि मग खुर्चीत बसायचे. यजमान बघत राहायचे आणि आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. साताऱ्याला बांधकाम खात्यात त्यांची सगळी नोकरी ड्राफ्ट्समन म्हणून गेली. महाबळेश्वर-पाचगणीकडची विश्रामगृहं, साहेबांच्या अमदानीतले बंगले, यांची मापं घ्यायची आणि नकाशे करायचे, म्हणजे दुरुस्तीला काय लागेल ते इंजिनीअरला कळावं. कुठली भिंत भरीव आणि कुठली पोकळ, हे त्यांना सगळ्यात आधी हवं असायचं. लहानपणी माझं गणित चुकलं की ते माझ्या डोक्यावरही तसंच टकटक करायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "आहे गं, आत आहे काहीतरी."

आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच आमच्याकडे सिंगापूरला आले, तेव्हाही तेच. जुरॉंगमध्ये चौदाव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. हॉलच्या भिंतीत मी मोठ्या हौसेनं एक कोनाडा करून घेतला होता. म्हणजे प्लायवूडची पोकळ चौकट, तिच्यावर सागवानासारखं दिसणारं लॅमिनेट आणि आत आईची पितळी समई. इथल्या चिनी कॉन्ट्रॅक्टरला कोनाडा म्हणजे काय हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते. बाबांनी बॅग खाली ठेवली आणि कोनाडा वाजवला. ढब् असा आवाज आला.

"पोकळ आहे," ते म्हणाले. "बाकी छान."

मला राग आला. रागाच्या बाबतीत मी त्यांच्यावर गेले आहे असं आई म्हणायची, आणि ते काही कौतुकानं म्हणायची नाही. आम्हा दोघांचा राग एकाच जातीचा. आरडाओरडा नाही, भांडण नाही. तोंड मिटायचं आणि समोरच्यानं ओळखायचं.

तीन महिन्यांसाठी ते आले होते. परतीचं तिकीट काढलेलं होतं, पण ते बदलता येणारं होतं आणि ते बदलावं, त्यांनी कायमचं आमच्याकडे राहावं, असं मला मनापासून वाटत होतं. मी एकुलती एक. साताऱ्याच्या घरात ते एकटे कुकर लावणार, एकटेच जेवणार आणि रविवारी मला फोनवर "सगळं ठीक" सांगणार, हे मला सहन होत नव्हतं. इथं राहायला लागणाऱ्या लाँग टर्म पासचा अर्ज मी भरून ठेवला होता. फक्त त्यांची सही राहिली होती. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी विषय काढला.

"बघू," बाबा म्हणाले.

त्यांचं हे 'बघू' मी जन्मापासून ओळखत होते. त्याचा अर्थ कधी हो व्हायचा, कधी नाही, आणि कुठला ते शेवटपर्यंत कळायचं नाही. मध्येच आत्याचा फोन यायचा. स्पीकरवर तिचा आवाज घरभर ऐकू यायचा. "दादा, लेकीच्या दारात किती दिवस बसणार आहेस? लोक काय म्हणतील?" बाबा हं हं करायचे. माझ्या नवऱ्याला ते जावईबापू म्हणायचे, त्याच्या आधी जेवायला बसायचे नाहीत, आणि त्यांना दिलेल्या खोलीचा उल्लेख कायम "तुमची ती लहान खोली" असा करायचे. माझा टॉवेल तुमच्या त्या लहान खोलीत राहिला. तुमच्या त्या लहान खोलीतला पंखा जरा आवाज करतो. ऐकून ऐकून मी कावले होते. छत्रीसुद्धा ते खोलीत ठेवत नसत, बाहेर दाराशी चपलांजवळ ठेवायचे, उठलो की निघालो अशी.

त्यांचा वेळ जावा म्हणून एका रविवारी मी त्यांना पुलाउ उबीन बेटावर न्यायचं ठरवलं. नवऱ्याच्या ऑफिसात, वन-नॉर्थला, काहीतरी बिघडलं होतं, त्यामुळे तो आला नाही. बाबा, मी आणि माझी लेक. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत यायचं. बंबोट म्हणजे तिथली लहान लाकडी होडी, तिच्यात बारा माणसं जमेपर्यंत आम्ही बाकावर बसून राहिलो. बाबा बोटीच्या फळ्या वाजवून बघत होते आणि म्हातारा नावाडी त्यांच्याकडे संशयानं बघत होता. "आजोबा, डोन्ट नॉक ला, अंकल विल स्कोल्ड," लेक म्हणाली.

उबीनवर लोक सायकली चालवायला आणि खारफुटीतल्या लाकडी पुलावरून फिरायला जातात. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. जेट्टीवरून व्हॅन केली, ती पार बेटाच्या पूर्व टोकाला गेली. रस्त्यात कंपॉन्गमधली, म्हणजे जुन्या मलय खेड्यातली, पत्र्याच्या छपरांची घरं, डुरियनची झाडं, खाणीच्या खड्ड्यांत साचलेलं हिरवं पाणी. मग झाडी संपली आणि समोर ते घर आलं.

बाबा उभे राहिले ते राहिलेच. "अगं," ते म्हणाले, "हे तर महाबळेश्वर."

खरंच तसं होतं. दुमजली, उतरत्या कौलांचं, एका बाजूला विटांचं उंच धुराडं. पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडाच्या उभ्या-आडव्या-तिरप्या पट्ट्या. मागे समुद्र, पलीकडे मलेशियाचा किनारा, आणि मध्ये हे इंग्लंडातल्या खेड्यातून उचलून आणल्यासारखं घर. इंग्रजांच्या काळात कुणा साहेबानं सुट्टीत राहायला म्हणून बांधलेलं. आता तिथं पर्यटकांसाठी माहितीचे फलक लावलेले आहेत. घराला नाव नाही. सगळे त्याला हाऊस नंबर वन म्हणतात.

"काय नंबर?" बाबांनी विचारलं.

"एक नंबर," मी म्हणाले.

"हे बरंय. घरानं स्वतःच सांगितलं." ते स्वतःच्या विनोदावर खूष झाले. आई गेल्यापासून ते असे हसलेले मी पाहिले नव्हते.

दाराशी त्यांनी चपला काढल्या. तिथली स्वयंसेवक बाई म्हणाली, अंकल, नो नीड. बाबांनी मान हलवली आणि अनवाणीच आत गेले. कुणाचंही घर असो, राहणारं माणूस असो नसो, त्यांच्या लेखी घर ते घर. त्यांच्या मागून लेकीनंही बूट काढले. मग मलाही काढावे लागले.

पुढचा तासभर त्यांनी ते घर आम्हाला वाचून दाखवलं असंच मी म्हणेन. त्यांनी तळमजल्याची दगडी भिंत वाजवली आणि समाधानानं हुंकार भरला. हा दगड इथल्याच बेटावरचा असणार, म्हणाले, लांबून कोण आणतो. मग लेकीला त्यांनी फलकावर लिहिलेलं ट्यूडर म्हणजे काय ते सांगितलं. तिकडे विलायतेत फार पूर्वी आधी ओकच्या लाकडाचा सांगाडा उभा करायचे. मधल्या रिकाम्या चौकटी काटक्या आणि मातीनं भरायच्या, वरून चुना. लाकूड काळं पडायचं, चुना पांढरा राहायचा. त्या काळच्या राजघराण्याचं नाव ट्यूडर, म्हणून पद्धतीला ते नाव. सगळं घर त्या लाकडाच्या खांद्यावर असायचं.

"आणि हे?" मी विचारलं.

बाबा जिन्यानं वर गेले. वरच्या मजल्यावरची एक काळी पट्टी त्यांनी वाजवली, तिच्या शेजारचा पांढरा गिलावा वाजवला, पुन्हा पट्टी वाजवली. आवाज सारखाच आला.

"ही भार घेत नसावी," ते म्हणाले. "भार आतल्या भिंतीवर. ही वरून लावलीय. दिसायला."

"म्हणजे खोटं."

"म्हणजे हौस."

मला आमचा कोनाडा आठवला आणि मी दुसरीकडे बघायला लागले. बाबांच्या ते ध्यानात आलं असावं, कारण ते खिडकीशी जाऊन उगाचच म्हणाले, "परगावी माणसाला थोडंफार सोंग लागतंच गं. त्याशिवाय करमत नाही." मग त्यांनी मला ती खिडकी दाखवली. तावदानं लहान लहान, शिशाच्या पट्ट्यांत बसवल्यासारखी, कारण जुन्या काळी मोठी काच मिळायची नाही. इथं मोठी काच सहज मिळाली असती, तरी साहेबानं लहानच बसवली. छप्पर उभं चढाचं, बर्फ घसरून जावा म्हणून. इथं बर्फ कुठला? पण वळचण मात्र भिंतीपासून चांगली लांब काढलेली, पागोळ्या भिंतीवर पडू नयेत म्हणून. "बघ," बाबा म्हणाले, "चेहरा तिकडचा ठेवला, पण पाऊस इथला ओळखला. माणूस शहाणा होता."

आणि मग शेकोटी. हॉलच्या एका भिंतीत चांगली मोठी, विटांची, वर लाकडी फळी, आत धुराड्याची काळी पोकळी. लेकीनं आत डोकं घालून वर पाहिलं. "आजोबा, व्हाय सो डार्क वन? धिस इज फॉर व्हॉट?"

"शेकायला."

"बट इट्स हॉट."

बाबा शेकोटीसमोर मांडी घालून फरशीवरच बसले. महाबळेश्वरच्या विश्रामगृहांत त्यांनी अशा कितीतरी शेकोट्या मापल्या होत्या. एकदा पाऊसकाळात ते आईला आणि मला बरोबर घेऊन गेले होते, चौकीदारानं शेकोटी पेटवून दिली होती आणि तिच्यापुढे आम्ही तिघांनी मक्याची कणसं भाजली होती. मी पाच-सहा वर्षांची असेन. कणसाचा आणि ओल्या लोकरीचा वास मला त्या परक्या हॉलमध्ये एकदम आला. बाबांनाही तेच आठवत होतं. ते म्हणाले, "तुझ्या आईचा पदर थोडक्यात वाचला होता, आठवतं?" मला ते आठवत नव्हतं, पण मी हो म्हणाले.

"इथं थंडी नव्हती," थोड्या वेळानं ते म्हणाले. "पण संध्याकाळी बसायला एक जागा लागते, जिथं सगळ्यांचं तोंड एका बाजूला असतं. म्हणून केली असेल त्यानं. घाम पुसत पुसत बसत असेल बिचारा."

मागच्या अंगणात आम्ही डबा सोडला. बटाटेवडे होते. बाबांनी खिशातून सहा इंची पट्टी आणि पेन्सिल काढली, लेकीची चित्रकलेची वही घेतली आणि घर काढायला बसले. मापं त्यांनी पावलांनी आणि वितीनं घेतली होती. एकीकडे माझा फोन वाजत होता. मी इंजिनीअर, तुआसला आमच्या जहाजांच्या यार्डात एका क्रेनच्या पायाचं काम चालू होतं आणि रविवारीही कुणीतरी काहीतरी विचारत होतं. मी फेऱ्या मारत बोलत होते, तेव्हा त्या दोघांचं बोलणं माझ्या कानावर तुकड्यातुकड्यांनी पडलं. लेकीला मात्र ते सगळं लक्षात राहिलं. ते कुठं कामाला आलं, ते पुढे सांगते.

ऑफिसात ज्याला सगळे सेक्शन म्हणायचे त्याला बाबा हट्टानं छेद म्हणायचे. घराची दर्शनी बाजू कुणीही काढेल, पण घर कळतं ते छेदात, हे त्यांचं ठाम मत. नातीला ते कसं सांगायचं? त्यांनी एक बटाटावडा घेतला आणि मधोमध दोन केला. एक अर्धा तिच्या तोंडासमोर धरला. "हा छेद. आत काय दिसतं?"

"पोटॅटो. मस्टर्ड. वन ग्रीन चिली."

"आणि दुसरा अर्धा?"

"यू एट इट."

"नाही खाल्ला. पाठीशी आहे." दुसरा हात त्यांनी पाठीमागे लपवला होता, तो पुढे आणून दाखवला. मग समजावलं. नकाशात एकाच अर्ध्याचं आतलं दिसतं. दुसरा अर्धा दिसत नाही. पण तो असतो. म्हणून कोपऱ्यात काडेपेटीएवढा प्लॅन काढायचा, घर वरून बघितलेलं. त्या प्लॅनवर एक रेघ, म्हणजे सुरी कुठून फिरवली ती जागा. रेघेच्या दोन्ही टोकांना बाण. बाण दाखवतात तिकडे आपण बघतोय. आणि बाणाच्या पाठीशी काय आहे, ते प्लॅनमध्ये शोधायचं.

वहीतला नकाशा पुरा झाला, तेव्हा लेकीनं तक्रार केली. शेकोटीच नव्हती. जिना होता, खिडक्या होत्या, छपराची लाकडं होती, जिन्याशी एक छत्रीवाला माणूस उभा होता. हा छत्रीवाला बाबांचा जुना. आकाराचा अंदाज यावा म्हणून नकाशात एखादं माणूस काढतात, तसा ते प्रत्येक नकाशात तोच काढायचे, आणि त्यावरून साहेबांची बोलणीही खायचे. बुटका, धोतर नाही, टोपी नाही, हातात मिटलेली छत्री. खात्यातले सगळे त्याला ओळखायचे. तो अर्थातच ते स्वतः होते.

"फायरप्लेस वेअर?"

"ती? ती पाठीशी आहे," बाबांनी कोपऱ्यातल्या प्लॅनवर पेन्सिल टेकवली. "इथं. आपण तिच्याकडे पाठ करून बसलोय. पाठ शेकत नाहीये का तुझी?"

लेक हसत सुटली. परतीच्या बोटीत तिनं तो शब्द चारदा वापरला. माय वॉटर बॉटल इज पाठीशी. संध्याकाळी घरी आल्यावर ती बापाला म्हणाली, "बाबा, यू नो, फायरप्लेस इज पाठीशी." त्याला काही कळलं नाही.

उबीनहून आल्यावर बाबांमध्ये हुरूप आला. त्यांनी माझ्याकडून मोठा कागद मागवला आणि आमच्या फ्लॅटचा नकाशा करायला घेतला. मी तुआसहून परत यायची तेव्हा ते जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलेले असायचे. मी विचारायची, "बाबा, अर्जाचं काय करायचं?" तिकिटाची तारीख जवळ येत होती.

"हा पुरा होऊ दे. मग बघ," ते म्हणायचे. एकदा म्हणाले, "मला तुझ्या आईसारखं बोलून सांगता येत नाही."

मला वाटलं, हे आणखी एक 'बघू'. विषय टाळायला नकाशा बरा मिळाला. मी मनात धुमसत होते. मी यांच्यासाठी खोली रिकामी केली, अर्ज भरला, नवरा एका शब्दानं काही बोलला नाही, आणि यांना अजून लेकीच्या दाराची लाज वाटते. आत्याचा आवाज माझ्या डोक्यात बसला होता.

निघायच्या दिवसाला आठवडा उरला असताना, एका सकाळी ते मला म्हणाले, "टेबलावर ठेवलाय. बघून घे. मी खाली एक चक्कर मारून येतो." आणि चपला घालून, छत्री न घेता खाली गेले. छत्री घेतली नाही हे मला आज आठवतं. त्या दिवशी मी त्याकडे लक्षही दिलं नव्हतं.

नकाशा सुंदर होता. आमच्या फ्लॅटचा उभा छेद, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. स्वयंपाकघरात मी, एक हात कमरेवर, चेहऱ्यावर दोन रेघांत माझा राग. हॉलमध्ये नवरा, मांडीवर लॅपटॉप. पलीकडच्या खोलीत लेक पलंगावर उलटी पडून पुस्तक वाचतेय. तो कोनाडाही होता, आतल्या पोकळीसकट, आणि त्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हौस'. तीन माणसं. मी पुन्हा बघितलं. छत्रीवाला कुठंच नव्हता. लहान खोलीही नव्हती. आयुष्यभर ज्या माणसानं सरकारी विश्रामगृहांत स्वतःला काढलं, साहेबाची बोलणी खाऊन काढलं, त्यानं माझ्या घरात स्वतःला काढलं नव्हतं.

मला इतकं लागलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्याच्या मागोमाग राग. बोलून नाही म्हणता आलं नाही, म्हणून काढून दाखवलं. मी कागद गुंडाळून ठेवला.

बाबा वर आले. दारातच थांबले. "बघितलास?"

"बघितला."

"मग?"

"मग काय. कळलं मला. तुमची मर्जी." मी चहाचं भांडं घासत होते, वळूनही पाहिलं नाही. "तिकीट बदलत नाही मी. आहे तेच राहू दे."

त्यांनी चपला काढून जागेवर लावल्या. मग म्हणाले, "बरं." आणि लहान खोलीत गेले. माझ्यासारखंच त्यांनीही तोंड मिटलं. समोरच्यानं ओळखायचं असतं ते आमच्या घरात कुणी ओळखलं नाही.

विमानतळावर त्यांनी लेकीचा पापा घेतला, जावईबापूंना नमस्कार केला. माझ्यापाशी आले आणि बोटाचं पेर वाकवून माझ्या डोक्यावर दोनदा टकटक केली. कान लावला. यावेळी काही म्हणाले नाहीत. मी अजून रागात होते, म्हणून मीही काही बोलले नाही.

त्यानंतर ते पाच वर्षं जगले. साताऱ्यातच. आधी गुडघे, मग विमानाचा प्रवास नको असं डॉक्टरांचं म्हणणं. वर्षातून एकदा आम्ही जायचो. दर रविवारी फोन असायचा. सगळं ठीक. मी पुन्हा कधी विचारलं नाही आणि त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. ते गेले तेव्हा मी विमानात होते.

लेक आता अठराची आहे आणि आर्किटेक्चर शिकते. मला विचारून नाही, स्वतःच्या मनानं. मागच्या महिन्यात तिला एका जुन्या घराची मापं घेऊन नकाशा करायला सांगितलं, आणि तिनं एका क्षणात उत्तर दिलं, हाऊस नंबर वन. आम्ही दोघी पुन्हा उबीनला गेलो. घर तसंच होतं. पट्ट्या काळ्या, भिंती पांढऱ्या, खिडकीत लहान लहान तावदानं. तिनं दाराशी बूट काढले, न सांगता. मी वरच्या मजल्यावर जाऊन काळी पट्टी वाजवली, मग शेजारचा गिलावा वाजवला. खाली आले तेव्हा ती शेकोटीसमोर मांडी घालून बसली होती, बाबा बसले होते तिथंच. मला फार एकटं वाटलं आणि फार बरंही वाटलं.

घरी आल्यावर तिला आजोबांचा नकाशा हवा होता, स्वतःच्या मापांशी ताडून बघायला. वहीचं ते पान आणि फ्लॅटचा नकाशा मी एकाच नळकांड्यात घालून कपाटावर ठेवले होते. नऊ वर्षांत ते नळकांडं मी उघडलं नव्हतं. तिनं दोन्ही टेबलावर पसरले, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. मी भाजी चिरत होते.

"आई, धिस वन व्हेरी नाइस. धिस इज अवर हाऊस."

"हं."

"ही ड्रू यू व्हेरी अँग्री."

"हं. स्वतःला नाही काढलं."

 कागदाचा आवाज आला. मग ती म्हणाली, "काढलंय ना."

मी सुरी ठेवून गेले. तिनं खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं होतं. काडेपेटीएवढा प्लॅन. आमचा फ्लॅट, वरून बघितलेला. मधून एक रेघ, तिच्या टोकांना दोन बाण. बाण हॉलकडे, स्वयंपाकघराकडे, लेकीच्या खोलीकडे. रेघेच्या अलीकडे लहान खोली. त्या खोलीत एक पलंग, पलंगावर बसलेलं एक गोल डोकं, आणि पलंगाशेजारी, खोलीच्या आत, भिंतीला टेकवून ठेवलेली एक मिटलेली छत्री.

"सी? ही इज पाठीशी," लेक म्हणाली. "ही इज लुकिंग ॲट ऑल ऑफ अस."

तो सगळा नकाशा त्या खोलीत बसून बघितलेला होता. माझी सगळी नोकरी नकाशे वाचण्यात गेली आहे. कामावर मुलं आली की पहिल्या दिवशी मी त्यांना सांगते, आधी प्लॅन बघा, रेघ बघा, बाण बघा. मी चष्मा लावला, कारण प्रत्येक खोलीवर बाबांनी त्यांच्या बारीक सरकारी अक्षरात नाव घातलं होतं. हॉल. स्वयंपाकघर. नातीची खोली. आणि त्या लहान खोलीवर, 'माझी खोली'.

मी खुर्चीत बसले. लेकीनं माझ्याकडे बघितलं, मग नकाशाकडे.

"देन व्हाय ही गो बॅक?" तिनं विचारलं.

"मी प्लॅन बघितला नाही," मी म्हणाले.